आजोबांच्या लग्नाचा बनावट दाखला

घराण्याची हकीकत लिहिताना माझे घोडे दोन ठिकाणी अडले होते: आजोबांच्या लग्नाची तारीख, आणि आजीच्या थोरल्या बहिणीने नवरा सोडला होता त्याची कागदोपत्री नोंद. अशातच ‘जुनी दप्तरे धुंडाळून दाखले काढून देतो’ म्हणणारे एक गृहस्थ ओळखीतून भेटले. त्यांनी नावे, गावे आणि अंदाजे साल व्हॉट्सॲपवर विचारून घेतले, साडेआठ हजार रुपये आगाऊ घेतले आणि तीन आठवड्यांनी दोन कागद पाठवले. एक १९३४ सालच्या विवाह नोंदणीचा दाखला होता आणि दुसरा १९३६ सालचा जिल्हा न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा.

दाखल्याचा कागद पिवळा पडलेला होता, कडा चहात बुडवल्यासारख्या तपकिरी होत्या आणि खाली जांभळा गोल शिक्का होता. मी तो मोठ्या कौतुकाने आत्याला दाखवला. तिने चष्मा लावला, तारखेवर बोट ठेवले आणि विचारले, “ऑगस्ट? चातुर्मासात आपल्याकडे कोणी लग्न लावेल का रे?”

मग मी तो कागद नीट वाचला. नोंदीची तारीखही १९३४ चीच होती, पण आधार म्हणून दिलेला मुंबई विवाह नोंदणी कायदा होता १९५३ चा. हुकूमनाम्याची गत त्याहून वाईट होती. मुंबई प्रांतात हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळू लागला तो १९४७ च्या कायद्यानंतर. त्याआधी ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती तिथे तो व्यवहार बहुधा पंचांसमोर मिटत असे, आणि आमच्यात ती रूढीही नव्हती. पारशी किंवा ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्यासाठी अनुक्रमे १८६५ आणि १८७२ पासून विवाहाचे स्वतंत्र कायदे होते आणि नोंदीही होत असत. हे मला आधी ठाऊक असते तर मी असले काम कोणाला सांगितलेच नसते.

सर्वांत लाजिरवाणी बाब पुढेच आहे. आजीचे माहेर सासवडचे, पण घाईत मी त्या गृहस्थांना जेजुरी असे कळवले होते, आणि ‘१९३४ च्या’ दाखल्यातही जेजुरीच उतरली होती. म्हणजे मीच पुरवलेली माहिती मला विकत मिळाली होती. तेव्हापासून असा शोध घेणाऱ्या कोणापासूनही मी एक खात्रीचा तपशील मुद्दाम राखून ठेवतो आणि दप्तराचे नाव, खंड व पान कळल्याशिवाय पैसे देत नाही.

त्या गृहस्थांचा फोन आता बंद आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, रक्कम अजून परत आलेली नाही. आजीच्या बहिणीबाबत एकही कागद मिळालेला नाही. आजोबांची नोंद मात्र नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडली. मोडीतल्या तीन ओळींत आजोबांचे आणि आजीचे नाव होते, पण लग्नाची तारीख त्यातही नव्हती.