२४ अंड्यांचं उबवणी यंत्र: दहा महिने वापरल्यावर, मुख्यतः त्या ०.८ अंशाबद्दल

कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं. माझ्या पहिल्या बॅचचं पहिलं पिल्लू बाहेर आलं तेविसाव्या दिवशी पहाटे.

२० अंडी ठेवली होती. आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिली, तेव्हा १७ अंड्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसत होतं. म्हणजे कोंबड्याने त्याचं काम चोख केलं होतं. त्या सतरांतली सहाच फुटली. सहांपैकी दोघांची पोटं फुगलेली, बेंबी मिटलेली नाही. दोन दिवसांत गेली. न फुटलेली अंडी उघडली तर बहुतेकांत पूर्ण वाढलेली, लव आलेली पिल्लं होती. हे सगळं लिहायला बसले ती त्या पिल्लांमुळे.

यंत्रात पंखा, अंडी आपोआप वळवणारे रूळ आणि ओलाव्यासाठी पाण्याच्या दोन खाचा आहेत. माझी तक्रार झाकणावरच्या तापमानाच्या आकड्याबद्दल आहे. तो आकडा तेवीस दिवस ३७.५ अंश, म्हणजे अंड्यांना हवं तेवढंच, दाखवत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

नवा तापमापक विकत घ्यायची माझी तयारी नव्हती. यंत्राचे पैसे मोजल्यावर त्याचाच आकडा तपासायला पुन्हा पैसे का घालायचे? घरात ताप मोजायचे दोन थर्मामीटर होते. दोन्ही एकमेकांशी जुळतात हे आधी पाहिलं. अंड्याएवढी प्लॅस्टिकची पिशवी पाण्याने भरून, गाठ मारून रुळांवर ठेवली. हवा क्षणाक्षणाला बदलते, पाणी अंड्यासारखं सावकाश तापतं. चार तासांनी पिशवी थर्मामीटरभोवती लपेटून धरली: ३६.७. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. पडद्यावर ३७.५. यंत्राचा सेन्सर वर, गरम तारेच्या जवळ बसवलेला आहे. अंडी खाली असतात. माणसाला ०.८ अंश जाणवणारही नाही. अंड्याला तेवढ्याने दीड-दोन दिवस उशीर होतो, आणि बेंबी न मिटणं, पोट फुगणं हे सगळं त्यातूनच येतं.

कंपनीला फोन केला. पहिल्यांदा उत्तर आलं, अंडी वांझ असतील. टॉर्चचे फोटो पाठवले. मग म्हणाले, खोली थंड असेल. मग म्हणाले, यंत्र तुमच्या खर्चाने पाठवा. तीन आठवडे हे चाललं. त्या काळात मी लिहिलं असतं तर एकच वाक्य लिहिलं असतं: घेऊ नका.

पण चौथ्या फोनला एक तंत्रज्ञ भेटला. त्याने एक बटण दाबून धरायला सांगितलं. आतून दुरुस्तीचा पर्याय उघडला, उणे ०.८ भरलं, आणि विषय मिटला. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. ज्या एका ओळीने अकरा पिल्लं वाचली असती ती छापायला यांना काय झालं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. यंत्राबद्दलचं मत मात्र त्या दिवशी बदललं.

ओलाव्याचा आकडाही तपासला. बंद बरणीत ओलसर केलेलं मीठ ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझ्या यंत्राचा आर्द्रतामापक सुटा निघतो. तो रात्रभर बरणीत ठेवला. सकाळी ७४. हा आकडा प्रामाणिक आहे. पहिले १८ दिवस ४५ ते ५०, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, एवढं मी पाळते. रुळांबद्दल काहीच तक्रार नाही.

दुसरी बॅच १८ अंड्यांची. एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत १५ पिल्लं, बेंब्या स्वच्छ, पाय भक्कम. १४ जगली. त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला हाताला धरून ती पेटी दाखवायला नेलं.

मग पाचव्या महिन्यात माझी तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, आणि मला पुन्हा विचार करावा लागला. यंत्रातल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत पिसं येईपर्यंत दिवा जळतो. विजेचा खरा खर्च तिथे आहे, उबवणीत नाही. खुडूक कोंबडी हे सगळं फुकट करते. तेव्हा मी तिला उठवलं, कारण दुसऱ्या बॅचची पिल्लं अजून लहान होती. पण सातव्या महिन्यात ती पुन्हा बसली. त्याच दिवशी तिच्याखाली नऊ अंडी आणि यंत्रात सहा ठेवली. तिची आठ फुटली, यंत्राची पाच. एकविसाव्या दिवशी अंधार पडल्यावर ती पाच हळूच तिच्या पंखाखाली सरकवली. सकाळी तेराही तिच्या मागे. दिवा लावावाच लागला नाही. यंत्राचा सगळ्यात चांगला वापर हाच, असं आता माझं ठाम मत आहे.

आता कळपाबद्दल. चार कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्यावर सुरुवात होती. यंत्र घरात आलं की कळप किती वाढेल हे यंत्र ठरवतं, आपण नाही. रिकामे रूळ पाहवत नाहीत. ३१ पिल्लं जगली, त्यांतले १४ नर. निम्मे नर निघतात हे धरूनच अंडी ठेवा. त्यांतले १३ नर ओळखीच्यांना दिले. चौदावा दुसऱ्या कळपातल्या कोंबड्याशी बदलला, कारण तलंगांवर, म्हणजे नव्या तरुण माद्यांवर, त्यांचाच बाप नको होता, आणि एक कोंबडा आठ-दहा माद्यांनाच पुरतो. नव्याला चार आठवडे वेगळं ठेवलं. आज २३ पक्षी आहेत. एका पक्ष्याला चार चौरस फूट धरून खुराडं दोनदा वाढवलं. तो खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त झाला, आणि घेताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या तलंगा आता अंडी देतात; ती अजून लहान आहेत म्हणून उबवायला घेत नाही.

चार महिन्यांनी आकडा पुन्हा ०.३ ने सरकला होता. त्यामुळे प्रत्येक बॅचआधी पाण्याची पिशवी. यंत्र घेणार असाल तर घ्या, पण पहिलं अंडं ठेवण्याआधी हे कराच.

आत्ता आत १८ अंडी आहेत, सोळावा दिवस. ही पिल्लं शेजारच्या दोन घरांनी मागितली आहेत. आज सकाळी पिशवी ३७.५ होती. परवा रूळ काढायचे आणि दुसरी खाच भरायची.