फायबरवर आठ महिने: एमबीपीएसचे आकडे आणि पिंगचा हिशेब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी गेल्या जूनमध्ये फायबरची जोडणी घेतली, त्याला आता आठ महिने होतील. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते कुणाच्याही फायबरला लागू पडतं. घेताना डोक्यात एकच गोष्ट होती. रात्रीची जेवणं उरकली की धाकट्या भावाबरोबर व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमच्या दोन-तीन मॅच खेळायच्या आणि त्या अडखळता कामा नयेत. आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळायचो, तिथं पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायचा वेळ, 40 मिलिसेकंदांवरून 200 वर कधी जाईल याचा भरवसा नसायचा.

100 एमबीपीएसचा प्लॅन घेतला. पहिल्या रात्री स्पीड टेस्टला 97 आला, घरात सगळे खूश. गेममध्ये मात्र तेच. समोरच्यावर नेम धरावा आणि स्क्रीन क्षणभर गोठावी. कोपऱ्यामागं सुरक्षित पोचलोय असं दिसावं आणि तिथंच मरून पडावं. कंपनीला फोन केला तर म्हणाले, गेमिंगसाठी 300 चा प्लॅन घ्या. ऑगस्टपासून तीन महिने तो घेतला. फाईल तिप्पट वेगानं उतरायला लागल्या, पिंग एका मिलिसेकंदानंही हलला नाही.

तो का हलला नाही हे तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तर ते पैसे वाचले असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती माल वाहून नेता येतो त्याचा आकडा. पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ. गेमला माल फारच थोडा लागतो. आपण कुठं उभे आहोत, कुठं बघतोय, गोळी झाडली का, एवढेच छोटे छोटे निरोप असतात, आणि एक एमबीपीएससुद्धा त्यांना पुरून उरतो. पण ते निरोप वेळेवर पोचावे लागतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा हिशेब करतो, म्हणजे दर पावणेआठ मिलिसेकंदांनी एकदा. आपला निरोप शंभर मिलिसेकंद उशिरा गेला तर तोवर तिथं बारा-तेरा हिशेब होऊन गेलेले असतात. समोरच्यानं आपल्याला मारलं तेव्हा सर्व्हरच्या लेखी आपण अजून उघड्यावरच असतो. कोपऱ्यामागं जाऊनही मरतो ते यामुळं.

आता अंतराचा हिशेब. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं 380 किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन 760, म्हणजे चार मिलिसेकंदांच्या आत. मला मुंबईच्या सर्व्हरवर चांगल्या दिवशी 15 ते 17 येतो. वरचे मिलिसेकंद वाटेतल्या उपकरणांत आणि तार जशी फिरत जाते त्या वळशांत जातात. सिंगापूरच्या सर्व्हरवर 70 च्या खाली कधीच आला नाही. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेतच 3,900 किलोमीटर आहे, समुद्राखालची केबल त्याहून लांबून जाते. कुठलाही प्लॅन हे अंतर कमी करू शकत नाही. त्यामुळं गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर आधी मुंबई निवडा, बाकीचं नंतर.

पण माझं दुखणं त्या 15 चं नव्हतंच, ते 15 चे अचानक 150 होण्याचं होतं. ते कुठं होतंय हे शोधायची युक्ती अगदी साधी निघाली. कॉम्प्युटरवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडून मुंबईला पिंग करण्याऐवजी घरातल्याच राउटरला केला. राउटर हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. आकडे आले 3, 4, 3, 92, 5, 141, 4. निरोप घराच्या बाहेरसुद्धा पडला नव्हता आणि 141 मिलिसेकंद गेले होते! त्या रात्री मोबाईलवर आजूबाजूची वायफाय मोजली, तेवीस निघाली, बहुतेक सगळी 2.4 गिगाहर्ट्झवर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. सगळी गल्ली तिथंच गर्दी करून बसलेली. वायफायवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. दुसऱ्या दिवशी पंचवीस मीटरची लॅन केबल आणली, साडेपाचशे रुपये. दारांच्या चौकटींवरून क्लिपा ठोकत आतल्या खोलीत नेली. राउटरचा पिंग प्रत्येक वेळी एकच्या आत. आठ महिन्यांत जे काही केलं त्यात सगळ्यात जास्त फरक या केबलनं पडला. ज्यांना केबल ओढणं शक्यच नाही त्यांनी निदान 5 गिगाहर्ट्झवर जावं आणि राउटर खेळायच्या खोलीत आणावा.

दिवाळीनंतर नवीनच तऱ्हा. पिंग 16, स्थिर, तरीही माणसं जागेवरून उड्या मारत होती. शंभर निरोप पाठवले की तीन-चार परतच येत नव्हते. स्पीड टेस्ट तरीही उत्तम. यूट्यूबला याचा पत्ता लागत नाही, कारण व्हिडिओ पुढचा माल आधीच साठवून ठेवतो आणि हरवलेला तुकडा परत मागवतो. गेमला ती सवड नसते. हरवलेला निरोप परत मागवेपर्यंत तो शिळा झालेला असतो. फायबरची तार जिथं येते त्या भिंतीवरच्या डबीचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की प्रकाशाची पातळी डेसिबलमध्ये दिसते. तिथं उणे 28 होतं, जोडणी दिली त्या दिवशी उणे 21 होतं. वायरमन पोरगा आला, त्यानं लाल लाईटचा पेन तारेच्या टोकाला लावला आणि हॉलमधले दिवे मालवायला सांगितले. शोकेसच्या मागं एका जागी पिवळी तार निखाऱ्यासारखी लाल दिसत होती.

"हे बघा दादा, हितं दुमडलीया. उजेड सगळा बाहेर सांडायलाय."

साफसफाईत शोकेस भिंतीला टेकवली होती, तिच्या कडेखाली तार चेपली गेली होती. सात डेसिबलचा फरक म्हणजे पोचणारा प्रकाश पाचव्या हिश्श्यावर आलेला. त्यानं तार बदलली, चार बोटांचं ऐसपैस वळण दिलं आणि आकडा परत उणे 21 वर आला. त्या पोराचं कौतुक मनापासून करतो, वीस मिनिटांत काम केलं आणि कारणही दाखवून गेला. फोनवरच्या मदत केंद्रानं मात्र आठवडाभर "स्पीड टेस्टचा फोटो पाठवा" एवढंच चालवलं होतं.

मग तुळशीचं लग्न झालं आणि थोरल्या दादाचा सीझन सुरू झाला. तो लग्नाचं शूटिंग करतो. रात्री दहाला कार्ड रिकामी करून फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावतो, आमच्या खेळायच्या वेळीच. पिंग 16 वरून सरळ 280. तोवर मी परत 100 च्या प्लॅनवर आलो होतो, त्यात अपलोड 30 चा आहे. पण अपलोड जास्त असता तरी क्लाउडनं तेवढाही भरून टाकला असता. खरी गोम रांगेत आहे. हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याला लागलेल्या उसाच्या ट्रॉल्या बघा. त्यांच्या मागं मोटरसायकलवाला अडकला तर त्याच्याकडं ओझं नसूनही ट्रॉल्यांइतकाच उशीर होतो. राउटर निरोप टाकून द्यायला नको म्हणून लांबलचक रांग साठवत बसतो, आणि गेमचा एवढासा निरोप दादाच्या गिगाबाइटच्या मागं उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल नावाची पद्धत मांडली. तिच्यातून पुढं निघालेल्या पद्धती आज ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये फुकट मिळतात. त्या रांग लांबू देत नाहीत आणि हलक्या निरोपाला बाजूनं वाट काढून देतात.

तसा एक राउटर घेतला. कंपनीकडून डबी ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम माझ्या राउटरकडं सोपवून, करून घेतली आणि मर्यादा थोडी खाली बांधली, उतरायला 90, चढवायला 27. रांग कंपनीच्या डबीत न साठता आपल्या राउटरमध्ये राहावी म्हणून हा दहा टक्के वेग सोडावा लागतो, आणि तो सोडण्यासारखा आहे. आता दादाचं अपलोड जोरात चालू असतानाही पिंग 19-20 च्या वर जात नाही. तुमच्याकडं हा त्रास आहे का हे फास्ट डॉट कॉमवर तपासता येतं. तिथं लाईन मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा पिंग वेगवेगळा दाखवतात. त्या दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर प्लॅन वाढवण्याआधी राउटर बघा.

जानेवारीत चार दिवस मुंबईचा पिंग 58 झाला होता. निरोप कुठून कुठून जातो ते दाखवणारी ट्रेसर्ट ही कमांड लावल्यावर दिसलं की निरोप मुंबईला थेट न जाता चेन्नईला वळसा घालून येतोय. हे घरातून सुधारता येत नाही. ट्रेसर्टचा फोटो तक्रारीला जोडला, चौथ्या दिवशी वाट सरळ झाली. नुसतं "नेट स्लो आहे" लिहिलं असतं तर परत स्पीड टेस्टच मागितली असती.

एक गोष्ट अजून खटकते. घराला स्वतःचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता, नाही, पत्ता 100.64 च्या पट्ट्यातला, म्हणजे अनेक घरांत मिळून एकच बाहेरचा पत्ता. व्हॅलोरंटला फरक पडत नाही, पण भाच्यांसाठी घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट गेमचा सर्व्हर चालवायचा होता तो बाहेरून दिसतच नाही. स्वतंत्र आयपीला वेगळे पैसे सांगतात. लाईट गेल्यावरची सोय 12 व्होल्टच्या छोट्या यूपीएसनं झाली, डबी आणि राउटर दोन्ही त्यावर दोन तास निघतात.

नऊ ते दहाच्या सुमाराला अजूनही पिंग पाच-सात मिलिसेकंदांनी वरखाली होतो. तेवढा खेळताना जाणवत नाही. महिनाअखेर प्लॅन संपतोय. कंपनीचा माणूस परत 300 चं सांगून गेला. मी 100 चाच भरणार आहे.