‘द गुड गर्ल्स’ : एकाच घरातले दुःख आणि दडवादडवी

उत्तर प्रदेशातील बदायूं जिल्ह्यातल्या कटरा सादतगंज या गावी मे 2014 मध्ये 14 आणि 16 वर्षांच्या दोन चुलत बहिणी रात्री शेताकडे गेल्या आणि पहाटे आंब्याच्या झाडावर त्यांचे मृतदेह आढळले. ‘ब्युटिफुल थिंग’ या मुंबईतील डान्स बारवरील पुस्तकामुळे परिचित असलेल्या, मूळच्या गोव्याच्या सोनिया फालेरो यांचे ‘द गुड गर्ल्स’ (2021) हे इंग्रजी पुस्तक या प्रकरणाचा मागोवा घेते.

नातेवाइकांनी तासन्‌तास मृतदेह झाडावरून उतरवू दिले नाहीत, ही गोष्ट दुरून वाचणाऱ्याला निष्ठुरपणाची वाटते. परंतु आदल्या रात्री चौकीत दाद न मिळालेल्या आणि संशयित व पोलीस एकाच वरचढ जातीचे असल्याची जाणीव असलेल्या त्या शाक्य जातीच्या कुटुंबाकडे, जगाने दखल घ्यावी म्हणून दुसरे कोणते साधन उरले होते, हा प्रश्न लेखिका घटनाक्रमातूनच उभा करते. शवविच्छेदनाची प्रत्यक्ष चिरफाड वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाने केली, हे पुढे वाचल्यावर त्यांचा अविश्वास अवाजवी वाटत नाही.

पुस्तकाचा खरा कस मात्र यानंतर लागतो. केंद्रीय अन्वेषण विभागाने नोव्हेंबर 2014 मध्ये आत्महत्येचा निष्कर्ष काढला, पुढच्या वर्षी न्यायालयाने तो अहवाल स्वीकारण्यास नकार दिला, आणि लेखिकेचा स्वतःचा कल तपास यंत्रणेच्या निष्कर्षाकडे झुकतो. म्हणजे ज्या घराच्या दुःखाशी आपण समरस झालो, त्याच घराच्या धाकाने मुलींचा श्वास कोंडला असावा, असे वाचकाला मान्य करावे लागते. साक्षी बदलल्या, मोबाइलबद्दलची माहिती दडवली गेली, आणि हे सारे फालेरो नोंदवतात. पण घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. बदनामीचे भय त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसे अंगी मुरवले, मुलगी मोबाइलवर कोणाशी बोलते याकडे सारी आळी कशी डोळे लावून असते, हे त्या सावकाश सांगतात. सहानुभूती म्हणजे वकिली नव्हे, याचे इतके संयत उदाहरण माझ्या वाचनात क्वचितच आले आहे. आपल्याकडच्या गुन्हेकथांत मृताचे नातेवाईक फिर्याद देऊन जे दृष्टिआड होतात ते निकालाच्या दिवशीच परततात, म्हणूनही हे वेगळेपण जाणवते.

झाडाखालचे छायाचित्र समाजमाध्यमांवर सर्रास फिरले असताना येथे मुलींना बदललेली नावे दिली आहेत. एकमेकींना सोबत घेतल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या या दोघींचा खोडकरपणा आणि चोरून केलेल्या गप्पाही त्यामुळे निःसंकोच वाचता येतात.

उणिवाही आहेत. छोट्या छोट्या प्रकरणांत नावांची इतकी गर्दी होते की मागची पाने पुन्हा उलटावी लागतात. दिल्लीतील 2012 च्या बलात्कार प्रकरणासारखी विषयांतरे परदेशी वाचकासाठी लिहिल्यासारखी वाटतात आणि तेवढी पाने दोघींच्या आयांना मिळायला हवी होती. एखादा थरारक उलगडा हवा असणाऱ्यांची येथे निराशा होईल. ज्यांना न्यायालयाच्या कागदांपलीकडचे घर पाहायचे आहे, त्यांनी हे पुस्तक विकत घ्यावे आणि पहिली 50 पाने नेटाने वाचावीत.