तिसऱ्या मजल्यावरची बॅटरी: एनएमसी घ्यावी की एलएफपी?

मानेवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधला एक भाऊ इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघालाय. बॅटरी कोणती, असं त्याने विचारलं तर शोरूममधल्या पोराने सांगितलं, "लिथियम आहे, सर." भाजी कोणती विचारावं आणि 'हिरवी' म्हणून उत्तर यावं, तशातली गत.

विचारायचं ते एवढंच: एनएमसी की एलएफपी? पहिलीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट. दुसरीत लोह आणि फॉस्फेट. एनएमसी हलकी, म्हणून तेवढ्याच वजनात रेंज जास्त. एलएफपी जड, पण चार्जिंगची आवर्तनं जास्त झेलते.

आता आगीचं. नवतपाच्या 46 अंशांत बॅटरी आपोआप पेटत नाही. एखाद्या सेलच्या आत शॉर्ट होतो, तो तापतो आणि शेजारच्या सेलला तापवतो, अशी साखळी लागते. एनएमसीत ही साखळी साधारण 210 अंशांच्या आसपास सुटते, एलएफपीत 270च्या. शिवाय तापलेली एनएमसी स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे गोधडी टाकून ती आग गुदमरत नाही. फॉस्फेट आपला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. म्हणून 'एलएफपी जळतच नाही' असं कोणी सांगितलं तर मात्र हसून सोडा. आतला द्रव दोन्हींत ज्वलनशीलच असतो, आणि एलएफपीतून निघणारा हायड्रोजनमिश्रित वायू बंद खोलीत साचला तर एक ठिणगी पुरते.

चार्जरची अदलाबदल दोन्हींना नको. एनएमसीचा सेल 4.2 व्होल्टला भरतो, एलएफपीचा 3.65ला.

माझ्या मते खरा प्रश्न पुढेच आहे: बॅटरी काढता येणारी घ्यायची की गाडीतच बसवलेली? भाऊला काढता येणारी हवी, कारण पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही. म्हटलं, चार्जिंगला ठेवशील कुठे? त्याने दाखवलेली जागा म्हणजे दाराजवळ, चपलांच्या स्टँडशेजारी. घराला दार एकच. रात्री तिथे धूर निघाला तर माणसं बाहेर पडणार कुठून? गॅलरीला ग्रील.

माझी स्वतःची गाडी दुपारी हिंगण्याहून आली की सीटखालच्या डब्याला हात लावून बघतो. चटका बसला तर तासभर सावलीत उभी, मगच चार्जिंग. टिनाच्या शेडखाली तर नाहीच.

2022च्या उन्हाळ्यात देशभरात स्कूटर पेटल्यावर एआयएस-156चे, म्हणजे इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून सेकंड हँड घेताना आधी बनावटीची तारीख बघा. बॅटरी फुगलेली वाटली किंवा गोडसर, थिनरसारखा वास आला, तर भाव कितीही पडलेला असो, परत फिरा.

आपल्याकडच्या उन्हात आणि फ्लॅटमध्ये मी एलएफपीच घेईन, गाडीत बसवलेली. रोज लांबचा पल्ला असेल आणि पार्किंग मोकळ्या हवेत असेल, तर एनएमसीलाही माझी ना नाही.

भाऊला पटलंय. पार्किंगमध्ये पॉइंट काढायला सोसायटीची परवानगी तेवढी बाकी आहे. दोन मीटिंगा झाल्या, विषय अजून लिफ्टच्या रंगावर अडलाय.