सगळं आहे, निवेदक नाही : गाण्याच्या ॲपसोबत अकरा महिने

गेल्या गणपतीत दुसऱ्या दिवशीच्या आरतीला आमच्याकडे पंधरा-सोळा माणसं होती. लेकीने स्पीकरवर आरत्यांची यादी लावली. 'सुखकर्ता' झाली, टाळ जमले, आणि त्यापाठोपाठ थेट 'घालीन लोटांगण'. निम्म्या लोकांनी सवयीने स्वतःभोवती गिरकी घेतली, निम्मे शंकराच्या आरतीचा सूर धरून तसेच उभे. मग एका बँकेची कर्जाची जाहिरात, आणि तिच्यानंतर 'दुर्गे दुर्घट'. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, हातातलं तबक खाली ठेवून म्हणाले, "बंद कर गं ते. आपल्याला पाठ आहे सगळं."

ॲप तेव्हा फुकटचं होतं. फुकटात तेव्हा त्यावर गाण्यांचा क्रम आपल्या हातात नव्हता, यादी लावली तरी ती पिसलेल्या पत्त्यांसारखी वाजायची. आषाढात घेतलं होतं, गणपतीनंतर चौघांचा फॅमिली प्लॅन भरला, आता ज्येष्ठ संपत आलाय. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मधल्या काळात मी आणखी दोन चाळून पाहिली. रंग वेगळे, दुखणी तीच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. माझी रोजची कोथरूड ते हिंजवडी वारी, जाऊन-येऊन अडीच तास. पूर्वी त्यात एफएमवरची तीच दहा गाणी आणि तेच प्लॉटिंगवाले असायचे. आता शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँ ऐकते. १९३७ साली गेलेल्या माणसाचा आवाज वाकडच्या पुलाखालच्या गर्दीत कानात येतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे. अण्णांनी ज्या तबकड्यांसाठी तरुणपणी लक्ष्मी रोडपासून जुन्या बाजारापर्यंत चपला झिजवल्या, त्यातल्या निम्म्याअधिक दोन मिनिटांत सापडल्या. पहिल्या आठवड्यात ते रात्री साडेबारापर्यंत जागे होते. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, ते त्यांच्यात बसत नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "स्वस्त आहे." पुण्यात याच्या वरचं प्रशस्तिपत्रक नाही.

स्वस्त तर आहेच. स्पॉटिफाय भारतात २०१९च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा एकट्याचा प्लॅन महिन्याला ११९ रुपये होता. आजही यातल्या कुठल्याच कंपनीचा आकडा फारसा अंगावर येत नाही. तरी आपल्याकडे बहुतेक लोक फुकटच ऐकतात. माझ्या ऑफिसच्या बसमध्ये विचारून पाहिलं, अकरा जणांत पैसे भरणारे दोघं. बाकीचे यूट्यूब लावून मोबाइल उताणा ठेवतात. स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं ना, म्हणून.

आता मुख्य तक्रार.

आमच्या पिढीला गाणं रेडिओने दिलं आणि रेडिओवर गाण्याआधी एक माणूस बोलायचा. गीतकार कोण, संगीत कुणाचं, गाताहेत कोण. पाच सेकंदांचं काम. त्यामुळे शाळा धड न झालेल्या माझ्या आजीलासुद्धा कवींची नावं पाठ होती. ॲपमध्ये गाणाऱ्याचं नाव वर, ठळक. संगीतकार कधी असतो, कधी नसतो. कवी मात्र तीन टिंबं दाबा, खाली सरका, श्रेय असं लिहिलंय तिथे दाबा, मग असला तर असतो. भावगीतात कवीला असं माळ्यावर टाकून कसं चालेल? अण्णा दर गाण्याला विचारतात, "शब्द कुणाचे?" आणि मी टिंबं दाबत बसते.

नावांचा गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. एकाच गायकाची तीन-तीन पानं. एकात 'पंडित' पूर्ण, एकात 'पं.', एकात नुसतं नाव, आणि प्रत्येकात वेगळे अल्बम. देवनागरीत शोधलं तर जेमतेम काही हाती लागतं, कारण ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नावं रोमनमध्ये भरून पाठवलेली. आणि रोमनमध्ये मराठी लिहायचं म्हणजे ज्याची त्याची बाराखडी. 'माझे' चार प्रकारे लिहिलेलं मी पाहिलंय. 'ळ'चा तर 'ल' होतोच होतो. गाणं तिथेच असतं, फक्त आपल्याला त्याचं स्पेलिंग ज्याने भरलं त्याच्या डोक्यात शिरावं लागतं.

यावर अण्णांनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून बाई गाणं संपता संपता स्वतःचं नाव इंग्रजीत घोषित करायच्या. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवायचा आणि वर नावासाठी दोन सेकंद राखायचे. सव्वाशे वर्षं होत आली, नाव चिकटवण्याचा प्रश्न आहे तिथेच आहे.

दुसरं म्हणजे क्रम. फुकटच्या काळात अण्णांनी एकदा यमन लावला. आधी द्रुत म्हणजे जलद तीनताल, मग एक भलतीच ठुमरी, आणि जो आधी हवा तो विलंबित म्हणजे संथ एकताल नंतर. "पान खाऊन मग जेवायला बसल्यासारखं झालं," म्हणाले. पैसे भरल्यावर हे सुटलं, पण पूर्ण नाही. लेकीने मैत्रिणींच्या पार्टीसाठी क्रॉसफेड आठ सेकंदांवर ठेवला होता. म्हणजे एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढतं. नाचायला उत्तम. पण स्पीकर सगळ्यांचा आणि तो चालतो तिच्याच फोनवरून. दुसऱ्या दिवशी विलंबित संपताना शेवटची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आतच त्यावर द्रुताचा तबला येऊन आदळला. घरात ज्यांच्याकडे कुणी शास्त्रीय ऐकणारं आहे त्यांनी पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन हे शून्य करावं. दुसरं सेटिंग आवाज समान करण्याचं. ते आजच्या गाण्यांना ठीक आहे, पण जुन्या तबकडीचा आवाज वर खेचताना खरखरही वर येते. तेही बंद करा.

गीतरामायणाचं तर विचारू नका. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ५६ गीतांची मालिका, आठवड्याला एक गीत, लोक पुढच्या आठवड्याची वाट बघायचे. ॲपने 'तुमच्यासाठी' म्हणून जी यादी बनवून दिली त्यात रावणवध आधी आणि स्वयंवर नंतर. मध्ये एक लग्नातलं डीजे गाणं, बहुधा 'स्वयंवर'मुळेच. मीच शेवटी बसून ५६ च्या ५६ ओळीने लावली. दीड तास गेला, पण वर्षभरात या ॲपवर मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

डिसेंबरात वर्षभराचा हिशेब येतो, रंगीबेरंगी, शेअर करायला. स्पॉटिफायने २०१६ पासून हे लोकप्रिय केलं, मग सगळ्यांनीच उचललं. लेक दोन दिवस आधीपासून वाट बघत होती. माझा हिशेब उघडला तर मी सर्वांत जास्त ऐकलेला कलाकार म्हणजे पाऊस. अहोंना पावसाच्या आवाजावर झोप लागते आणि बेडरूममधलं यंत्र माझ्या खात्याला जोडलेलं. दोन-दोन मिनिटांचे तुकडे, रात्रीचे आठ तास. म्हणजे एका रात्रीत सुमारे २४० 'गाणी'. मी अख्खा महिना रोज एक लांबलचक बडा ख्याल ऐकला तरी माझी तीसच.

हे हसण्यावारी नेलं, पण नंतर थोडं वाचलं तेव्हा हसू ओसरलं. स्पॉटिफायवर एखादं ध्वनिमुद्रण ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. मग ते अडीच मिनिटांचं असो की पन्नास मिनिटांचं. तीस सेकंदांत आमच्या गवयाचा षड्ज, म्हणजे पहिला 'सा'सुद्धा नीट लागलेला नसतो. हल्लीच्या गाण्यांना सुरुवातीची लांब सुरावट का उरली नाही, मुखडा पहिल्या दमातच का येतो, याचं निदान एक कारण इथे आहे. आणि पैशांचं म्हणाल तर मी भरलेले रुपये मी ऐकलेल्या गायकाकडेच जातात असं नाही. बहुतेक सेवांत सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात, आणि त्या महिन्यात एकूण किती वेळा कोण वाजलं त्या प्रमाणात वाटप. त्यातून २०२४ पासून स्पॉटिफायने बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला वाट्यातून वगळलं. त्याच सुमाराला पावसासारख्या आवाजांनाही किमान दोन मिनिटांची अट घातली आणि त्यांचा वाटा कमी केला. म्हणजे आमच्या अहोंसारखे झोपाळू जगभर असणार. मिरजेच्या नाहीतर पंढरपूरच्या एखाद्या भजनी मंडळाने हौसेने अभंग चढवले तर हजाराचा आकडा त्यांना कधी गाठता येईल देव जाणे. जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या कमाईत आता स्ट्रीमिंगचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास आहे, तेव्हा 'नका चढवू' असंही त्यांना सांगता येत नाही.

शिफारशींचं, म्हणजे ॲप आपणहून सुचवतं त्या गाण्यांचं, मात्र मला वाटलं होतं त्याहून बरं निघालं. पाऊस माझ्या खात्यातून काढून अहोंच्या खात्यावर टाकला, स्वयंपाकघरातली सकाळची स्तोत्रं अण्णांच्या खात्यावर, आणि दीड-दोन महिन्यांत ॲपकडून दर सोमवारी येणारी माझी यादी माणसात आली. तिनेच मला कर्नाटक संगीतातली वीणा ऐकवली. मी आपणहून त्या वाटेला गेले नसते. त्यामुळे घर एक असलं तरी खाती वेगळीच ठेवा. पैसे तेवढेच पडतात. लेकीच्या खात्यात मी डोकावत नाही. एकदाच पाहिलं तर कोरियन, पंजाबी आणि मध्येच अजय-अतुल असं भेळेसारखं होतं. तिची पिढी गाणं पूर्ण ऐकत नाही ही माझी तक्रार होती. पण आम्ही तरी कॅसेट 'फॉरवर्ड' करत होतोच की, बटण जड होतं इतकंच.

डेटाचं थोडक्यात. आवाजाचा दर्जा ३२० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) ठेवला तर तासाला साधारण १४४ एमबी जातात, ९६ ला त्रेचाळीसच्या आसपास. बसमध्ये मला फरक कळत नाही, म्हणून बाहेर कमी आणि घरी वायफायवर जास्त. ब्लूटूथ इअरफोन वापरणाऱ्यांनी 'लॉसलेस'साठी, म्हणजे काहीही न गाळलेल्या आवाजासाठी, जादा पैसे भरू नयेत, ब्लूटूथ आवाज बहुतेकदा पुन्हा दाबतंच. गावाला जाण्याआधी गाणी उतरवून घ्या. आंबोलीच्या घाटात रेंजची वाट बघण्यात अर्थ नाही.

भीती एकच. माझ्या आवडीच्या २१२ गाण्यांपैकी नऊ आज राखाडी झालीत. नाव दिसतं, वाजत नाही. कंपनी आणि ॲप यांचा करार संपला की असं होतं. ॲपच गेलं तर यादीही गेली. रेसो हे गाण्याचं ॲप २०२४च्या जानेवारीअखेर भारतातून बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलने आपलं विंक गुंडाळलं. म्हणून अण्णांच्या तबकड्या आणि माझ्या दोन खोकी कॅसेटी माळ्यावरून हललेल्या नाहीत, आणि सगळ्या याद्यांतली नावं मी वहीत उतरवून ठेवलीत. वहीचा करार संपत नाही.

वर्गणी संपली की मी परत भरणार आहे. अण्णांनी गेल्या आठवड्यात माझ्याकडून त्यांची नवी यादी करून घेतली. रोज रात्री साडेनऊला लावायची, भैरवीने संपणारी. प्रत्येक चिजेआधी ते स्वतःच राग, ताल आणि गाणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगतात, मग मी बटण दाबायचं. यादीला नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले, "लिही, अण्णांचं आहे, कुणी उलटंसुलटं लावू नये."

तसंच लिहिलंय. देवनागरीत.