रविवारची युरोप बॅच: कूलर सोडून बाकी पैसा वसूल

धरमपेठेतल्या ह्या क्लासची चार रविवारची युरोपियन युनियनवाली बॅच (देशातल्या राज्या-प्रांतांच्या हातात काय, केंद्राच्या काय अन् युनियनच्या काय) मे महिन्यात केली. आधी भांडण. पंधराशे रुपये घेता तर कूलर तरी धड ठेवा ना बाप्पा, मागच्या दोन रांगांत हवा येतच नाही फक्त घरघर येते, अन् झेरॉक्स नोट्समधला नकाशा असा काळाकुट्ट की बेल्जियममधलं फ्लँडर्स कुठं अन् वालोनिया कुठं काही कळून नाही राहिलं. आणि अर्धं लेक्चर त्याच्यावरच!

पण शिकवणं एक नंबर. सरांनी फळ्यावर पहिले संत्रं काढलं. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं की मार बसतो काटोल-वरूडच्या शेतकऱ्याला, पण ढाक्याशी बोलणार दिल्ली, आपलं राज्य नाही. आता हेच स्कॉटलंडला लावा म्हणे. १९९८ च्या कायद्यानं त्यांना स्वतःचं पार्लमेंट मिळालं, शेती, मासेमारी, पर्यावरण सगळं हातात आलं, पण ह्याच विषयांचे मोठे नियम ठरायचे ब्रुसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयात, अन् तिथं ब्रिटनची बाजू ठरवायचं काम लंडनकडे. स्कॉटिश मंत्री गेला तरी लंडनचीच लाईन बोलायची. म्हणजे खातं तुमचं, सही दुसऱ्याची. दोन वर्षांपासून हे वाचून राहिलो होतो, डोक्यात बसलं ते त्या संत्र्यानं.

मग २०१६ चं ब्रेक्झिट मतदान, ब्रिटननं युनियनमध्ये राहायचं की निघायचं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक 'राहू' म्हणाले, उत्तर आयर्लंडमध्येही जवळपास ५६ टक्के, पण पूर्ण देशात ५१.९ टक्के 'निघू' म्हणाले अन् सगळेच निघाले. मागून एकानं विचारलं, "मंग सर, स्कॉटलंडची परवानगी नाही लागत काय?" तर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं, त्यांच्या विषयात त्यांची संमती घ्यायची ही राजकीय प्रथा आहे, कोर्टातून अंमलात आणता येत नाही. "म्हणजे आपल्या नागपूर करारासारखं," विदर्भाला दिलेल्या वचनांची आठवण काढून कोणीतरी पुटपुटलं अन् सरांसकट सगळी बॅच हसली.

बेल्जियम एकदम उलटं. तिथं प्रांतांच्या विषयांना हात लावणाऱ्या करारावर प्रांतांच्या होकाराशिवाय केंद्राला सहीच करता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये जेमतेम ३६ लाख लोकांच्या वालोनियानं कॅनडासोबतचा अख्ख्या युनियनचा व्यापार करार अडवून धरला, बाकी सगळे देश ताटकळत बसले, शेवटी महिन्याच्या ३० तारखेला सह्या झाल्या. हे सांगताना सर खुर्चीवरून उठलेच, मजा आली. डेन्मार्कच्या ताब्यातल्या ग्रीनलंडचं मला आधी माहीतच नव्हतं: १९७९ ला स्वशासन, १९८२ ला मतदान, १९८५ ला तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर, भानगड मुख्यतः मासेमारीची, अन् डेन्मार्क मात्र आतच!

जर्मनी दहा मिनिटांत उरकलं हे काही पटलं नाही. युरोपच्या कामात राज्यांना बुंडेसराटमधून (राज्य सरकारांच्या प्रतिनिधींचं सभागृह) बोलायचा हक्क त्यांच्या घटनेच्या कलम २३ मध्येच लिहिलेला आहे, त्याला एक रविवार तरी पाहिजे होता. नोट्समध्ये उत्तर आयर्लंड २०२० लाच थांबलंय, २०२३ चं विंडसर फ्रेमवर्क (उत्तर आयर्लंडच्या व्यापारावर ब्रिटन अन् युनियनचा नवा समझोता) नाहीच, काउंटरवर विचारलं तर म्हणे पुढच्या बॅचला देऊ. पुढच्या बॅचला काहून, पैसे तर आम्हीही दिले ना!

पाचपैकी चार स्टार, कापलेला एक कूलर अन् नोट्सचा. जाणार असाल तर पंधरा मिनिटं आधी पोचा, डावीकडची दुसरी रांग धरा अन् नकाशा मोबाईलवर काढून ठेवा.