देवमासे बघायला मॉन्टरे की मॉस लँडिंग?

सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून देवमासे बघायला जायचं ठरलं, की बोट कुठून धरायची हा प्रश्न येतो: मॉन्टरेच्या फिशरमन्स व्हार्फवरून, की अर्धा तास अलीकडच्या मॉस लँडिंगवरून? उपसागर एकच, हम्पबॅक जातीचे देवमासेही तेच. ते नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतात. ब्लू व्हेल हवा असेल तर मात्र ऑक्टोबर उलटू देऊ नका.

सोयी मॉन्टरेला जास्त. बोटी मोठ्या, फेऱ्या भरपूर, आणि घरातलं कुणी पाण्यात यायला तयार नसेल तर त्याला खुशाल अ‍ॅक्वेरियममध्ये सोडून यावं. मॉस लँडिंग म्हणजे मच्छीमारांचं बंदर, खायच्या चार जागा, बस्स.

पण मला बोट लागते. अशा माणसाला सगळे सांगतात, मागे जाऊन बस, तिथे कमी हलतं. हलतं कमीच, पण डिझेलचा धूरही तिथेच येतो. मॉन्टरेहून निघालं, की समुद्राखालच्या दरीच्या काठावर हम्पबॅक जिथे अँकोव्ही या छोट्या माशांवर ताव मारत असतात तिथे पोचेपर्यंत वायव्येच्या लाटा झेलायच्या आणि तो धूर गिळायचा. एकदा सगळी बोट शेपटी बघून ओरडत होती, तेव्हा मी कठडा धरून खाली बघत होतो.

ही दरी मॉस लँडिंगच्या बंदराच्या तोंडाशीच सुरू होते. खोल, थंड, खाद्याने भरलेलं पाणी किनाऱ्याला इतकं जवळ असल्यामुळे इंजिन लवकर मंदावतं, निदान माझा अनुभव तरी तसा आहे. शिवाय सी ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरं, बंदरातच पाठीवर पडून शिंपले फोडत असतात. निम्मे पैसे तिथेच वसूल.

अर्थात अँकोव्ही दक्षिणेला सरकले असतील, तर इथल्या बोटीही तिकडेच पळतात आणि माझं गणित कोलमडतं. लहान बोट डुलतेही जास्त. भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर मोठ्या बोटीतली बसायची ऐसपैस जागा ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्यांच्यासाठी मॉन्टरेला नाही म्हणणार नाही.

एकटा किंवा मित्रांबरोबर असलो, की मी मॉस लँडिंगचीच बोट घेतो, तीही सकाळची. दुपारी वारा चढतो. बोट लागण्याची गोळी धक्का सुटायच्या बऱ्याच आधी घ्या, आणि सॅन होजेत कितीही ऊन असलं तरी जाड जॅकेट गाडीत टाकाच.